सूत, इंच की मिलिमीटर: भोकाच्या कामाप्रमाणे ड्रिल कसं निवडायचं

दोन सुती बोल्ट आणला, पेटीत ६ चं ड्रिल होतं, तेच मशीनला लावलं. भोक पडलं, पण बोल्ट तोंडाशीच अडला. मग हातोडी आली. बोल्टचे पहिले दोन आटे चेपले आणि चेपलेल्या आट्यांवर नट काही चढेना. दोन सूत म्हणजे पाव इंच, आणि पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. नखाच्या जाडीहूनही कमी फरक, पण बोल्टही गेला आणि भोकही बिघडलं.

दुसरी चूक याहून महाग पडते. एम ८ चे, म्हणजे ८ मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टचे, आटे पाडायचे असतात, ६.८ चं ड्रिल सापडत नाही, म्हणून ६.५ चं मारलं जातं आणि टॅप (भोकात आटे कापणारं हत्यार) आत तुटतो. तुटलेला टॅप काढण्यात जाणारा वेळ आणि पैसा ६.८ च्या ड्रिलच्या कितीतरी पट असतो.

इंचाला २५.४ नं गुणलं की मिलिमीटर मिळतात, ते फोनवरही होतं. चुकतं ते त्याच्या पुढे. आकडा मिळाल्यावर ‘याच्या जवळचं कुठलं ड्रिल आहे?’ असं विचारून हाताला येईल ते उचललं जातं. काही भोकांना आकडा वर न्यावा लागतो, काहींना खाली चालतो, काहींना दोन्ही बाजूंना जागाच नसते. हे भोकाच्या कामावर ठरतं. म्हणून खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानंच करा. बहुतेक जण पहिल्या दोन गाळून थेट तिसरीवर येतात आणि तिथेच फसतात.

(कारखान्यात ज्याला ‘ड्रिल’ म्हणतात त्यालाच घरकाम करणारे ‘बिट’ म्हणतात. इथे दोन्ही शब्द एकाच अर्थानं आले आहेत. यंत्राला मी ‘ड्रिल मशीन’ म्हटलं आहे.)

## आधी हाताशी काय ठेवायचं

व्हर्निअर कॅलिपर लागेलच, साधा असो की डिजिटल. टेपनं ड्रिल मोजता येत नाही. पावणेपाच आणि पाच मिलिमीटर टेपवर सारखेच दिसतात.

आट्यांचं काम असेल तर पिच गेज घ्या, म्हणजे आट्यांमधलं अंतर ओळखायचा दातेरी पट्ट्यांचा तो छोटा जुडगा. मेट्रिक आणि इंची दोन्ही पट्ट्या असलेला घ्या. गेज नसेल तर ओळखीचे नट तरी ठेवा: एम ६, एम ८, एम १० आणि पाव इंच, ५/१६, ३/८ चे नवे नट एका तारेत ओवून, प्रत्येकाला चिठ्ठी बांधून. नवा नट बोटांनी पाच-सहा आटे सहज फिरला तर बोल्टची ओळख पटली.

शिवाय ज्या मालात भोक पाडायचं त्याच मालाचा आणि जाडीचा तुकडा हवा. पत्र्याच्या कामाला पत्र्याचा, सागाच्या कामाला सागाचा. त्याशिवाय सहावी पायरी होत नाही.

तपासा: व्हर्निअरचे जबडे पूर्ण मिटवा. शून्यासमोर शून्य आलं पाहिजे. ०.०५ चा फरक दिसला तर जबड्यांमधला कचरा पुसा. तरीही राहिला तर तेवढा फरक प्रत्येक मापातून वजा किंवा अधिक करा.

## पायरी १: भोक कशासाठी, ते लिहून ठेवा

कागदावर, किंवा जॉबवरच (ज्या वस्तूत भोक पाडायचं तिच्यावर) खडूनं, एक शब्द लिहा. रोजच्या कामात भोकं साधारण पाच तऱ्हेची असतात.

मोकळं भोक: बोल्ट आरपार जाऊन पलीकडे नट लागणार. इथे ड्रिल बोल्टहून मोठंच हवं.

आट्यांचं भोक: यात टॅप फिरवून आटे पाडायचे. ड्रिल बोल्टहून बरंच लहान असतं आणि नेमकं असावं लागतं. पाचांमध्ये सर्वांत कमी माफी याच भोकाला.

वाटेचं भोक: लाकडात स्क्रू शिरण्याआधी त्याला वाट करून देणारं. हे स्क्रूच्या गाभ्याएवढं, म्हणजे आटे सोडून उरलेल्या मधल्या दांड्याएवढं.

रिवेटचं भोक: रिवेटपेक्षा जेमतेम ०.१ मिलिमीटर मोठं.

भिंतीचं भोक: प्लास्टिकच्या गिट्टीचं किंवा अँकरचं. इथे गिट्टी किंवा अँकर बनवणाऱ्यानं लिहिलेला आकडा पाळायचा.

एकाच जोडात दोन तऱ्हा येतात हे विसरू नका. पट्टी जाड लोखंडी ठोकळ्यावर बोल्टनं बसवायची आणि आटे ठोकळ्यात असतील, तर पट्टीत मोकळं भोक आणि ठोकळ्यात आट्यांचं. दोन्ही एकत्र धरून एकाच ड्रिलनं आरपार गेलात तर दोनांपैकी एक भोक चुकणारच. दोन्ही एकत्र धरून लहान ड्रिलनं जायचं, मग सुटी करून पट्टीतलं भोक मोठं करायचं.

## पायरी २: बोल्ट मेट्रिक आहे की इंची, ते पक्कं करा

आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मेट्रिक आणि इंची माल शेजारी-शेजारी असतो. ‘आठचा बोल्ट द्या’ म्हटल्यावर एम ८ मिळेल, पण जुन्या यंत्रातून किंवा भंगारातून आलेला बोल्ट ५/१६ चाही असू शकतो, आणि नुसत्या नजरेला दोघांत फरक दिसत नाही.

पहिली खूण डोक्यावर. डोक्यावर ४.६, ८.८, १०.९ असे आकडे असतील तर बोल्ट बहुतेक मेट्रिक. मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या उभ्या रेघा असतील तर अमेरिकी इंची. डोकं कोरं असेल तर काहीच गृहीत धरू नका.

दुसरी खूण जाडी, पण ती एकटी पुरत नाही. एम ८ चा बोल्ट मोजला तर भरतो ७.८ ते ७.९५ च्या आसपास, कारण आट्यांची टोकं मुद्दाम थोडी बुटकी ठेवलेली असतात. ५/१६ इंच म्हणजे ७.९४, आणि तोही मोजताना तसाच थोडा कमी भरतो. म्हणजे दोन्ही एकाच आकड्यात सापडतात. पाना लावून पाहिलात तरी फसगत होते: एम ८ ला १३ चा पाना, अमेरिकी ५/१६ ला अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ चा. १३ चा पाना त्यावरही बसतो.

म्हणून तिसरी खूण, जी खोटं बोलत नाही: आट्यांचं अंतर, म्हणजेच पिच. पिच गेज नसेल तर दहा आट्यांची लांबी मोजा, एका आट्याच्या टोकापासून पुढच्या दहाव्या टोकापर्यंत. एम ८ ला ती १२.५ मिलिमीटर येते, कारण पिच १.२५ आहे. ५/१६ ला एका इंचात १८ आटे असतात, त्यामुळे दहा आट्यांना १४.१ लागतात. हा फरक पोलादी पट्टीवरही दिसतो.

असेच गोंधळात टाकणारे आणखी जोड:

– एम ६ आणि पाव इंच. पिच १.०, आणि इंचात २० आटे, म्हणजे १.२७.
– एम १० आणि ३/८. पिच १.५, आणि इंचात १६ आटे, म्हणजे १.५९. जाडीत मात्र जवळजवळ अर्धा मिलिमीटर फरक, त्यामुळे हा जोड सोपा.
– एम १२ आणि अर्धा इंच. पिच १.७५. अर्ध्या इंचाला व्हिटवर्थमध्ये (आट्यांची जुनी ब्रिटिश इंची पद्धत) इंचात १२ आटे, अमेरिकी जाड आट्यांत १३.
– एम ५ आणि अमेरिकी १० नंबरचा, इंचात ३२ आट्यांचा बोल्ट. जाडी ५ आणि ४.८३, पिच ०.८ आणि ०.७९. सर्वांत फसवा जोड. इथे नव्या नटानंही खात्री होत नाही, जाडी नीट मोजावीच लागते.

पाव इंच, ५/१६ आणि ३/८ मध्ये व्हिटवर्थ आणि अमेरिकी आट्यांची संख्या सारखी असते, फक्त आट्याचा कोन वेगळा: व्हिटवर्थचा ५५ अंश, अमेरिकीचा ६०. ड्रिल निवडताना या तीन मापांत त्यानं फारसा फरक पडत नाही. टॅप घेताना मात्र पडतो.

सावध: नट दोन आटे फिरून जड झाला तर पान्यानं जोर लावू नका. तो चुकीचा नट आहे. जोर लावलात तर बोल्टचे आटे सोलून निघतील आणि पुढे ओळखायला खूणही उरणार नाही.

## पायरी ३: सगळी मापं मिलिमीटरमध्ये आणा

निम्मी मापं सुतात, दोन इंचात, एक मिलिमीटरमध्ये, असा कागद हातात असेल तर काम सुरूच करू नका. सगळं मिलिमीटरमध्ये लिहून काढा. रीत एकच: वरचा आकडा गुणिले २५.४, भागिले खालचा आकडा. ७/३२ हवंय? ७ गुणिले २५.४ म्हणजे १७७.८, भागिले ३२, आलं ५.५६.

सुतार, गवंडी आणि फॅब्रिकेशनवाले सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग:

– एक सूत, १/८ इंच: ३.१७५
– दीड सूत, ३/१६: ४.७६
– दोन सूत, पाव इंच: ६.३५
– अडीच सूत, ५/१६: ७.९४
– तीन सूत, ३/८: ९.५३
– चार सूत, अर्धा इंच: १२.७
– पाच सूत, ५/८: १५.८८
– सहा सूत, पाऊण इंच: १९.०५

सावध: सळईचं सूत वेगळं. बांधकामावर ८ मिलिमीटरच्या सळईला अडीच सुती, १० च्या सळईला तीन सुती, १२ च्या सळईला चार सुती म्हणतात. तो नुसता बोलीतला ठोकताळा आहे. सळईवर वाढलेल्या एका चांगल्या मुलानं चार सुती बोल्टसाठी १२ चं भोक मारलेलं मी पाहिलंय, सोळाच्या सोळा भोकं. त्याच्या कानाला चार सूत म्हणजे १२ हेच खरं होतं. सांगणाऱ्यानं ‘१२.७ चा बोल्ट’ म्हटलं असतं तर ती सोळा भोकं पुन्हा रुंदावी लागली नसती. दुसऱ्याला काम सांगताना सूत बोललात तरी सोबत मिलिमीटर सांगा, आणि कागदावर मिलिमीटरच लिहा.

आता एक सोय. इंची ड्रिलं चौसष्टाव्या भागानं वाढत जातात आणि १/६४ इंच म्हणजे जवळपास ०.४ मिलिमीटर. म्हणून पाच-चौसष्टांशाची साखळी पाठ करा: ५/६४ जवळजवळ २, ५/३२ जवळजवळ ४, १५/६४ जवळजवळ ६, ५/१६ जवळजवळ ८, २५/६४ जवळजवळ १०, १५/३२ जवळजवळ १२. नेमके आकडे १.९८, ३.९७, ५.९५, ७.९४, ९.९२ आणि ११.९१. प्रत्येक टप्प्यावर थोडं कमीच पडत जातं. लाकडात, भिंतीत, पत्र्यात यांची अदलाबदल चालते. घट्ट बसणाऱ्या पिनेला चालत नाही.

न चालणाऱ्या अदलाबदली: पाव इंचाच्या जागी ६, दीड सुताच्या जागी ५, अर्ध्या इंचाच्या जागी १२. दुकानदार ‘एकच आहे’ म्हणाला तरीही नाही.

अमेरिकी गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग हातात आलं तर ड्रिलचं माप नुसत्या नंबरात किंवा अक्षरात दिसेल. नंबर वाढला की ड्रिल बारीक होतं: १ नंबर ५.७९ मिलिमीटर, ८० नंबर ०.३४. अक्षरांचं उलट: ए म्हणजे ५.९४, झेड म्हणजे १०.४९. रोज लागणारी दोन लक्षात ठेवा: ७ नंबर ५.११ आणि एफ ६.५३. तिथलं ७ नंबर म्हणजे ७ मिलिमीटर नव्हे.

## पायरी ४: भोकाच्या कामाप्रमाणे आकडा वर किंवा खाली न्या

### मोकळं भोक: नेहमी वर

मेट्रिक बोल्टांना ठरलेली मापं आहेत. जोड नेमका हवा असेल तर पहिला आकडा, रोजच्या कामाला दुसरा:

– एम ४: ४.३ किंवा ४.५
– एम ५: ५.३ किंवा ५.५
– एम ६: ६.४ किंवा ६.६
– एम ८: ८.४ किंवा ९
– एम १०: १०.५ किंवा ११
– एम १२: १३ किंवा १३.५

६.६ चं ड्रिल सगळ्या दुकानांत मिळत नाही, ६.५ मिळतं. एम ६ ला ते चालतं. पाव इंची बोल्टला ६.५ म्हणजे ०.१५ ची फट, तीसुद्धा एकच भोक असेल तर. चार भोकांची पट्टी चार भोकांवर बसवायची असेल तर ७ घ्या, कारण चारही भोकं एकमेकांसमोर अचूक येत नाहीत. ५/१६ ला ८.५, ३/८ ला १०.५, अर्ध्या इंचाला १३.५ घेतलं तर हाताच्या मशीननंही काम निभतं.

घरात पाव इंचाचं ड्रिल असेल आणि बोल्ट एम ६ असेल तर बेलाशक वापरा, ६.४ च्या अगदी जवळचं आहे. उलट मात्र होत नाही. सुरुवातीला सांगितलेली चूक तीच.

### आट्यांचं भोक: हिशोब करा, अंदाज नको

सूत्र सोपं: बोल्टची जाडी वजा पिच. एम ६ ला ६ वजा १, म्हणजे ५. एम ८ ला ८ वजा १.२५, म्हणजे ६.७५, ड्रिल ६.८. एम १० ला ८.५, एम १२ ला १०.२, एम ५ ला ४.२, एम ४ ला ३.३.

इंची टॅपलाही तेच सूत्र, फक्त पिच काढायची: २५.४ भागिले एका इंचातले आटे. पाव इंच, २० आटे: ६.३५ वजा १.२७, म्हणजे ५.०८, ड्रिल ५.१. पाच-सोळांशाला ६.५ किंवा ६.६. तीन-अष्टमांशाला ७.९४ येतात, म्हणजे ५/१६ इंचाचं किंवा ८ चं ड्रिल. अर्ध्या इंचाला व्हिटवर्थ असेल तर १०.५, अमेरिकी १३ आटे असतील तर १०.८.

इथे वर-खाली किती चालतं? एम ८ चं उदाहरण घ्या. आटे पाडल्यावर आतल्या भोकाचा व्यास ६.६५ ते ६.९१ या मर्यादेत हवा. ६.५ च्या भोकात टॅपला जास्त धातू कापावा लागतो, तो अडकतो आणि मोडतो. ७ च्या भोकात टॅप लोण्यासारखा फिरतो, कारण आटे अर्धवटच पडताहेत. बोल्ट आवळताना ते सोलले जातात. कुठलं संकट बरं असं विचाराल तर दोन्ही नको. ६.८ चं ड्रिल विकत आणा.

पाव इंची टॅपला दीड सुताचं, म्हणजे ४.७६ चं ड्रिल मारायची सवय अनेक जुन्या हातांना आहे. पाव इंची व्हिटवर्थ बोल्टचा गाभाच ४.७२ चा असतो. म्हणजे तिथे आटा अगदी तळापर्यंत पाडायचा सगळा भार टॅपवर येतो. पितळेत, अॅल्युमिनियममध्ये निभावतं. पोलादात टॅप मोडतो. ५.१ घ्या.

सावध: नळाचे आटे या हिशोबात येत नाहीत. ‘अर्धा इंची’ नळाच्या आट्यांची बाहेरची जाडी १२.७ नसते, २०.९६ असते. त्याच्या सरळ आट्यांसाठी ड्रिल १९ चं लागतं, पाव इंची नळाच्या आट्यांना ११.८ चं. कॉम्प्रेसर, गॅस, पाणी यांचा नुसता ‘इंच’ ऐकून ड्रिल उचलू नका. नळाचे आटे आहेत का, ते आधी विचारा.

### लाकूड: स्क्रूचा नंबर म्हणजे मिलिमीटर नव्हे

स्क्रूचा नंबर ०.३३ नं गुणा, १.५ मिळवा, साधारण जाडी मिळते. ६ नंबर ३.५, ८ नंबर ४.२, १० नंबर ४.८. वरच्या फळीत स्क्रू सैल जायला हवा, म्हणून ८ नंबरला वर ४.५ चं भोक. खालच्या फळीत स्क्रूला फक्त वाट: सागासारख्या लाकडात ३, मऊ लाकडात २.५. इथे आकडा खाली नेलेला चालतो, पण कडक लाकडात फार खाली नेलात तर स्क्रूचं डोकं घसरतं किंवा स्क्रू मधेच तुटतो.

डोळ्यांनी पडताळायची रीत सुतार पूर्वीपासून वापरतात: ड्रिल स्क्रूसमोर उजेडात धरा. गाभा ड्रिलमागे झाकला गेला पाहिजे आणि दोन्ही बाजूंना फक्त आटे दिसले पाहिजेत.

### रिवेट

बाजारात रिवेट १/८, ५/३२, ३/१६ या नावांनी मागतात. मिलिमीटरमध्ये त्या ३.२, ४.० आणि ४.८. ड्रिल अनुक्रमे ३.३, ४.१, ४.९. अॅल्युमिनियम सेक्शनच्या खिडकीला ३.२ च्या रिवेटसाठी ३.५ चं भोक मारलं तर रिवेट त्या दिवशी बसते, पण भोकात घट्ट भरत नाही आणि उघडझाप होऊन होऊन हलू लागते.

### भिंत

६ च्या गिट्टीला ६ चं, ८ च्या गिट्टीला ८ चं भिंतीचं बिट. मेळ सरळ आहे, गोंधळ स्क्रूचा: ‘८ नंबरचा स्क्रू’ ४.२ मिलिमीटरचा असतो आणि तो साधारण ६ च्या गिट्टीत बसतो. ८ च्या गिट्टीत त्याला पकड मिळत नाही, तिथे १० नंबरचा घ्या. गिट्टीच्या पाकिटावर स्क्रूची जाडी छापलेली असेल तर तीच माना.

अँकरमध्ये दोन तऱ्हा आहेत. पाचर असलेल्या बोल्टच्या अँकरला भोक आट्यांच्या जाडीएवढंच लागतं, एम १० ला १०. बाहेरून नळी असलेल्या अँकरला भोक नळीएवढं, म्हणजे त्याच एम १० ला मोठं. अँकर हातात घेऊन नळीची बाहेरची जाडी मोजल्याशिवाय बिट लावू नका.

## पायरी ५: हातातलं ड्रिल खरंच तेवढं आहे का, ते मोजा

दांड्यावरचा आकडा चकच्या जबड्यांनी घासून जातो, आणि पेटीतल्या खाचेत नेमकं तेच ड्रिल परत ठेवलेलं असेल याची हमी नसते. ५.० आणि ५.१ डोळ्यांना ओळखू येत नाहीत.

मोजायचं टोकाजवळ, जिथे धार संपून कडेच्या दोन उंच पट्ट्या सुरू होतात तिथे, समोरासमोरच्या पट्ट्यांवर जबडे टेकवून. मधल्या खोलगट भागावर जबडा बसला तर माप कमी येईल. दांड्यावर मोजू नका. ड्रिल टोकाकडून दांड्याकडे अगदी किंचित बारीक होत जातं आणि मोठ्या ड्रिलांचा दांडा तर मुद्दामच बारीक केलेला असतो.

भिंतीचं बिट मोजलंत आणि ६ चं ६.३ भरलं तर ते सदोष नाही. त्याचं टोक नावापेक्षा थोडं रुंद असतंच.

तपासा: धार दोन्ही बाजूंना सारखी आहे का? दगडावर हातानं लावलेल्या धारेत एक ओठ लांब, एक आखूड असेल तर ८ चं ड्रिलसुद्धा ८ पेक्षा मोठं भोक पाडतं. आट्यांच्या भोकासाठी असं ड्रिल वापरू नका.

## पायरी ६: तुकड्यावर एक भोक

ही पायरी लोकांना वेळखाऊ वाटते. दोन मिनिटांची आहे. तुकड्यावर भोक पाडा, त्यात खरा बोल्ट, खरी रिवेट, खरा स्क्रू घालून पाहा. आट्यांचं असेल तर टॅप फिरवा आणि बोल्ट पूर्ण आवळा. मोकळ्या भोकात बोल्ट स्वतःच्या वजनानं उतरायला हवा. लाकूड चिरलं तर वाट अरुंद आहे. स्क्रू शेवटी नुसताच फिरत राहिला तर वाट मोठी झाली.

या तुकड्यावर ड्रिलचं माप पेननं लिहून ठेवा. दहा भोकं झाल्यावर ‘मघाशी कुठलं लावलं होतं?’ हा प्रश्न येतोच.

## पायरी ७: भोक पाडा

जॉब शिकंजात किंवा क्लॅम्पमध्ये पकडा, हातात धरू नका. गॉगल घाला. हातमोजे घालू नका, ते फिरत्या ड्रिलमध्ये ओढले जातात.

सेंटर पंच मारा. ६ पेक्षा मोठ्या ड्रिलच्या आधी लहान ड्रिलनं वाट करा. ती मोठ्या ड्रिलच्या टोकावरच्या आडव्या बोथट धारेपेक्षा जेमतेम रुंद असावी, एवढंच. अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरनं भोक वाढवत नेऊ नका. मोठं ड्रिल कडेला अडकतं, झटका देतं आणि भोक गोल राहत नाही.

साध्या पोलादाला वेगाचा अंदाज: ४ च्या ड्रिलला मिनिटाला सुमारे २००० फेरे, ८ ला १०००, १२ ला साडेसहाशे. ड्रिल जितकं जाड तितका वेग कमी. थेंबभर कटिंग ऑइल घाला. पातळ पत्र्यात साधं ड्रिल तिकोनी भोक पाडतं, म्हणून पत्र्याखाली लाकूड घट्ट दाबून धरा किंवा पायऱ्यांचं ड्रिल वापरा. टाइलवर हॅमर बंद ठेवा, टाइल पार झाल्यावरच चालू करा.

तपासा: पहिलं भोक झालं की थांबा. कडेची बर (भोकाच्या काठावर उरलेला धारदार धातू) काढा आणि व्हर्निअरच्या आतल्या जबड्यांनी भोक मोजा. बरोबर असेल तरच दुसऱ्याला हात घाला.

## भोक चुकलंच तर

लहान पडलं असेल तर चिंता नाही, योग्य ड्रिलनं पुन्हा जा. जॉब हलू न देता, हळू.

आट्यांचं भोक मोठं झालं असेल तर त्यात टॅप फिरवून बघू नका. जाडी पुरेशी असेल तर पुढच्या मापाचा बोल्ट घ्या: एम ६ चं बिघडलं तर एम ८, आणि समोरच्या पट्टीतलं मोकळं भोकही ९ करा. बोल्ट बदलता येत नसेल तर आटे असलेला तारेचा इन्सर्ट बसवा. त्याचं ड्रिल आणि टॅप दोन्ही त्याच्या पाकिटावर लिहिल्याप्रमाणेच घ्या, साध्या टॅपचे वरचे आकडे तिथे लागू नाहीत.

लाकडातलं भोक मोठं झालं तर त्याच लाकडाची खुंटी सरस लावून ठोका, सरस पूर्ण वाळू द्या आणि मग नवी वाट करा. भिंतीतलं भोक ढिलं झालं तर काड्या, कागद कोंबून गिट्टी बसवू नका, त्यावर टांगलेलं वजन कुणाच्या तरी डोक्यावर येईल. एक माप मोठी गिट्टी घ्या, नाहीतर भोक सिमेंटनं भरून पूर्ण सुकल्यावर थोडं बाजूला नवीन पाडा.